विश्लेषण : प्रतीक्षायादीत वाया गेलेली दोन वर्षे परत मिळतात? अमेरिकेतील मूत्रपिंड-सूत्राचा वाद काय?

रक्ततपासणीच्या एका सूत्रात कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक होता. त्यामुळे अमेरिकेतील कृष्णवर्णीय रुग्णांचे मूत्रपिंड कागदावर अधिक सक्षम दिसत राहिले आणि प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत त्यांचा काळ उशिरा मोजला जाऊ लागला. दोन दशकांनंतर सूत्र बदलले. त्यानंतर जानेवारी २०२३ ते मार्च २०२४ या काळात १४,३०० हून अधिक कृष्णवर्णीय रुग्णांच्या खात्यावर सरासरी दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ जमा करण्यात आला. हा गुणक आला कुठून, तो कुणी हटवला आणि चूक दुरुस्त करताना 'वंश' पुन्हा का मोजावा लागला, याविषयी.

ईजीएफआर म्हणजे काय?

मूत्रपिंडे रक्त किती वेगाने गाळतात, याचा अंदाज म्हणजे ईजीएफआर. दर मिनिटाला किती मिलिलिटर, अशा हिशोबात तो दिला जातो. आपल्याकडेही मधुमेह किंवा रक्तदाबाच्या रुग्णांच्या तपासणी अहवालात क्रिएटिनिनच्या खाली हा आकडा अनेकदा छापलेला असतो. हा वेग प्रत्यक्ष मोजता येतो, पण त्यासाठी शरीरात विशिष्ट द्रव्य सोडून काही तास नमुने घ्यावे लागतात. ते खर्चीक आणि वेळखाऊ असल्याने रक्तातील क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून सूत्राने अंदाज बांधला जातो.

क्रिएटिनिन हा स्नायूंच्या कामातून तयार होणारा टाकाऊ घटक आहे. मूत्रपिंडे मंदावली की तो रक्तात साचतो. मात्र पिळदार शरीराच्या माणसात मुळातच तो अधिक तयार होतो. म्हणजे क्रिएटिनिन वाढलेले दिसले, तरी त्याचे कारण नेहमी मूत्रपिंडच असेल असे नाही. वंशाचा गुणक सूत्रात शिरला तो याच फटीतून.

गुणक कधी आणि कशासाठी आला?

१९९९ मध्ये 'एमडीआरडी' या नावाने ओळखले जाणारे सूत्र प्रसिद्ध झाले. १,६२८ रुग्णांच्या माहितीवर ते बेतलेले होते. त्यांत कृष्णवर्णीय सुमारे १२ टक्के होते. क्रिएटिनिन, वय आणि लिंग सारखे असतानाही या गटात प्रत्यक्ष मोजलेला गाळण्याचा वेग सरासरीने जास्त आढळला. म्हणून रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर आलेल्या उत्तराला सुमारे १.२१ ने गुणावे, असे ठरले. २००९ मध्ये 'सीकेडी-ईपीआय' हे अधिक अचूक सूत्र आले. त्यात हा गुणक १.१५९ झाला, म्हणजे जवळपास १६ टक्क्यांची वाढ.

असे का होत असावे, याचे स्पष्टीकरण एका गृहीतकावर उभे होते. कृष्णवर्णीयांमध्ये स्नायूंचे प्रमाण सरासरीने जास्त असते, असे ते गृहीतक. त्यामागचे अभ्यास लहान होते आणि आहार, उत्पन्न, कष्टाचे काम, इतर आजार यांचा वेगळा विचार त्यांत पुरेसा नव्हता. गुणक कुणी द्वेषातून बसवलेला नव्हता. अंदाज अधिक बरोबर यावा, हाच हेतू होता. पण एकदा तो प्रयोगशाळांच्या संगणकांत बसल्यावर अमेरिकेत सर्वत्र पोहोचला. बहुतेक अहवालांत दोन ओळी छापल्या जात : 'आफ्रिकन अमेरिकन असल्यास' आणि 'नसल्यास'. आई श्वेतवर्णीय आणि वडील कृष्णवर्णीय असलेल्या माणसाने कोणती ओळ वाचायची, याचे उत्तर सूत्राकडे नव्हते. स्नायूंचे वजन कुणी करत नव्हते. अर्जातील रकाना किंवा समोरच्याचा अंदाज, यावर ओळ ठरत होती.

एवढ्या लहान गुणकाने काय बिघडते?

वैद्यकीय व्यवस्था उंबरठ्यांवर चालते. ईजीएफआर तीन महिने ६० च्या खाली राहिला तर दीर्घकालीन मूत्रपिंडविकार, ३० च्या खाली गेला तर तज्ज्ञाकडे पाठवणी आणि २० किंवा त्याखाली आला तर प्रत्यारोपणाच्या यादीत प्रतीक्षाकाळ मोजायला सुरुवात. डायलिसिस सुरू झाले तर त्या तारखेपासूनही हा काळ मोजला जातो.

एक सरळ हिशोब पाहू. दोन रुग्णांचे वय, लिंग आणि क्रिएटिनिन सारखे आहे आणि सूत्राचे मूळ उत्तर १८ येते. श्वेतवर्णीय रुग्णाचा आकडा १८ च राहतो आणि त्याचा प्रतीक्षाकाळ सुरू होऊ शकतो. कृष्णवर्णीय रुग्णाचे १८ गुणिले १.१५९ म्हणजे जवळपास २१ होतात. तो उंबरठ्याबाहेरच राहतो. त्याची मूत्रपिंडे आणखी निकामी होऊन आकडा २० पर्यंत खाली येईल, तेव्हा त्याची वेळ सुरू होते. यात महिने जातात, कधी वर्षे.

अमेरिकेत मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादीत सुमारे ९० हजार लोक आहेत. २०२३ मध्ये तिथे २७ हजारांहून अधिक मूत्रपिंड प्रत्यारोपणे झाली. मागणी आणि उपलब्धता यांत एवढे अंतर असताना यादीतील क्रम ठरवणाऱ्या गोष्टींत प्रतीक्षाकाळाला मोठे वजन असते. तीन ते पाच वर्षे थांबावे लागणे तिथे नेहमीचे आहे. तोवर आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास डायलिसिस. त्यात नोकरी टिकवणे कठीण होते आणि प्रकृती ढासळत जाते. डायलिसिसची वेळ येण्यापूर्वीच प्रत्यारोपण झाले, तर निष्पत्ती अधिक चांगली असते. पण ती संधी मिळायची तर यादीत वेळेवर नाव लागायला हवे.

अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे १३ टक्के आहेत, पण मूत्रपिंडे निकामी झालेल्यांत त्यांचे प्रमाण सुमारे ३५ टक्के आहे. ज्या समाजाला या आजाराचा सर्वाधिक तडाखा बसतो, त्यालाच सूत्र 'अजून थोडे थांबा' असे सांगत होते.

हे उघड कसे झाले?

शंका आधीपासून होत्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील कायद्याच्या प्राध्यापक डोरोथी रॉबर्ट्स यांनी वंश हा जैविक वर्ग नसून राजकीय-सामाजिक वर्गवारी आहे, ही मांडणी २०११ च्या 'फेटल इन्व्हेन्शन' या पुस्तकात केली होती. सॅन फ्रान्सिस्कोतील मूत्रपिंडतज्ज्ञ व्हेनेसा ग्रब्ज यांनीही गुणकावर सातत्याने प्रश्न उपस्थित केले. वर्गात सूत्र शिकताना 'हा गुणक कशासाठी?' असे विचारणारे वैद्यकीय विद्यार्थीही होते. बॉस्टनमधील बेथ इस्रायल डिकनेस रुग्णालयाने २०१७ मध्ये, तर वॉशिंग्टन विद्यापीठाने २०२० मध्ये हा गुणक वापरणे थांबवले.

निर्णायक ठरली ती मोजदाद. बॉस्टन परिसरातील एका मोठ्या रुग्णालय-समूहातील नोंदींचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २,२२५ कृष्णवर्णीय रुग्ण होते. गुणक काढून तोच हिशोब पुन्हा केला, तेव्हा त्यांपैकी ७४३, म्हणजे दर तिघांतील एक रुग्ण आजाराच्या अधिक गंभीर टप्प्यात गेला. ६४ जण २० च्या उंबरठ्याखाली आले. या ६४ पैकी एकालाही प्रत्यारोपणासाठी पाठवलेले नव्हते, तपासलेले नव्हते आणि एकाचेही नाव यादीत नव्हते. नैतिक वादाला इथे पहिल्यांदा ठोस आकडा मिळाला.

त्याच वर्षी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये वंशानुसार उत्तर बदलणाऱ्या डझनभर वैद्यकीय सूत्रांचा आढावा आला. हृदयविकार, प्रसूती, कर्करोग, हाडांची झीज, फुफ्फुसे अशा अनेक शाखांत हीच पद्धत होती. जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर अमेरिका ढवळून निघालेली असताना हे संशोधन समोर आले. काँग्रेसमधील लोकप्रतिनिधींनी वैद्यकीय संघटनांना जाब विचारला. नॅशनल किडनी फाउंडेशन आणि अमेरिकन सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजी यांनी सिंथिया डेलगाडो आणि नील पॉवे यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त कृतिगट नेमला.

गुणक सरळ पुसून का टाकला नाही?

कारण त्यातही धोका होता. ईजीएफआरवरून केवळ प्रत्यारोपण ठरत नाही. मधुमेहावरील मेटफॉर्मिन चालू ठेवायचे की नाही, केमोथेरपीची मात्रा किती, औषधाच्या चाचणीत रुग्णाला घ्यायचे का, निरोगी नातेवाइकाला मूत्रपिंडदान करता येईल का, हे सारे त्याच आकड्यावर अवलंबून असते. गुणक नुसता काढला तर कृष्णवर्णीयांची मूत्रपिंडे कागदावर प्रत्यक्षाहून कमकुवत दिसतील. मग कुणाला आवश्यक औषध नाकारले जाईल, तर कुणा भावाला दाता म्हणून बाद केले जाईल, असा आक्षेप घेणाऱ्यांत अनुभवी मूत्रपिंडतज्ज्ञही होते. आक्षेप गैरलागू नव्हता.

म्हणून सूत्र नव्याने बांधण्यात आले. सप्टेंबर २०२१ मध्ये कृतिगटाने वंशाचा उल्लेख नसलेल्या नव्या समीकरणाची शिफारस केली. जुने सूत्र कृष्णवर्णीयांचा वेग प्रत्यक्षापेक्षा सुमारे ३.७ ने जास्त दाखवत होते, तर इतरांबाबत चूक अवघी ०.५ होती. नवे सूत्र कृष्णवर्णीयांचा वेग सुमारे ३.६ ने कमी, तर इतरांचा ३.९ ने जास्त दाखवते. चूक संपलेली नाही. पूर्वी ती जवळजवळ सगळी एका गटाच्या माथी होती, आता दोन्हीकडे विभागली गेली आहे. क्रिएटिनिनच्या जोडीला 'सिस्टॅटिन-सी' हा दुसरा घटक तपासला की अंदाज अधिक अचूक येतो, कारण त्यावर स्नायूंचा परिणाम कमी असतो. कृतिगटाने या तपासणीचा वापर वाढवण्याचीही शिफारस केली. मात्र ती महाग आहे आणि सर्वत्र उपलब्ध नाही.

गेलेला वेळ परत कसा दिला?

या प्रकरणाचे वेगळेपण इथे आहे. बहुतेक धोरणांत चूक लक्षात आली की 'यापुढे असे होणार नाही' एवढ्यावर भागवले जाते. अमेरिकेतील अवयव प्रत्यारोपण जाळ्याने, म्हणजे 'ओपीटीएन'ने, जून २०२२ मध्ये यादीसाठी वंशाधारित सूत्र वापरण्यावर बंदी घातली आणि डिसेंबरमध्ये आणखी एक पाऊल टाकले. ५ जानेवारी २०२३ पासून देशातील प्रत्येक मूत्रपिंड प्रत्यारोपण केंद्राने आपल्या यादीतील कृष्णवर्णीय रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासायच्या. वंशविरहित हिशोबाने त्यांचा आकडा २० च्या खाली पहिल्यांदा कधी आला होता, ती तारीख शोधायची आणि प्रतीक्षाकाळ तिथपासून मोजायचा. रुग्णांना तसे कळवणेही बंधनकारक होते. या कामासाठी केंद्रांना एक वर्ष देण्यात आले.

मार्च २०२४ च्या मध्यापर्यंत १४,३०० हून अधिक रुग्णांचा काळ अशा रीतीने वाढला. त्या सुमारास यादीतील कृष्णवर्णीयांची संख्या सुमारे २७ हजार होती, हे पाहिले की या दुरुस्तीचा आवाका लक्षात येतो. काहींचा क्रम इतका वर सरकला की त्यांना लवकरच मूत्रपिंड मिळाले.

यावर आक्षेपही आला. यादी एकच, अवयव मर्यादित. एक जण पुढे सरकला की दुसरा मागे जातो आणि त्या दुसऱ्याचा यात काय दोष? समर्थकांचे उत्तर असे, की ज्याचा काळ वाढला त्याला जादा काही मिळालेले नाही. गुणक नसता, तर तो आज जिथे असता तिथे त्याला नेऊन ठेवले आहे, एवढेच.

मग प्रश्न सुटला का?

पूर्णपणे नाही. परतावा मिळाला तो यादीत असलेल्यांना आणि ज्यांच्या जुन्या तपासण्यांचे कागद सापडले त्यांना. विमा नसल्याने ज्यांनी कधी तपासणीच केली नाही, ज्यांना डॉक्टरांनी तज्ज्ञाकडे पाठवलेच नाही किंवा जे वाट पाहता पाहता दगावले, त्यांच्यापर्यंत ही दुरुस्ती पोहोचू शकत नाही.

दात्यांच्या बाजूलाही असाच एक घटक होता. मृत दात्याचे मूत्रपिंड किती काळ टिकेल, याचा अंदाज देणाऱ्या निर्देशांकात दाता कृष्णवर्णीय असल्यास गुणवत्ता कमी धरली जात असे. परिणामी, चांगली मूत्रपिंडेही कमी प्रतीची ठरून नाकारली जाण्याचा धोका होता. हा घटक ऑक्टोबर २०२४ मध्ये काढण्यात आला.

'एपीओएल-१' या जनुकाचे उदाहरण इथे उद्बोधक आहे. त्याचे काही प्रकार मूत्रपिंडविकाराचा धोका वाढवतात, असे २०१० मध्ये स्पष्ट झाले. पश्चिम आफ्रिकी वंशपरंपरा असलेल्या लोकांत ते अधिक आढळतात, कारण तिथल्या निद्रारोगापासून ते संरक्षण देतात. पण सुमारे १३ टक्के कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्येच या धोकादायक प्रकारांची जोडी असते. उरलेल्यांना त्यांच्या वर्णावरून त्याच मापाने मोजणे शास्त्रीयदृष्ट्याही चूक ठरते. जनुक तपासता येत असेल, तर त्वचेवरून अंदाज कशाला, हा यातला साधा मुद्दा.

फक्त मूत्रपिंडापुरतेच हे आहे का?

फुफ्फुसांची क्षमता मोजणाऱ्या स्पायरोमेट्रीत कृष्णवर्णीयांसाठी 'सामान्य' पातळीच १० ते १५ टक्क्यांनी खाली धरली जात असे. या कल्पनेची मुळे गुलामगिरीच्या काळातील आहेत. सॅम्युअल कार्टराइट या दक्षिणेतील डॉक्टरने १८५१ मध्ये गुलामांची फुफ्फुसे मुळातच दुबळी असल्याचा दावा करून सक्तीच्या श्रमाचे समर्थन केले होते. आधुनिक काळात याचा परिणाम असा, की धुळीत काम करून फुफ्फुसे खराब झालेल्या कृष्णवर्णीय कामगाराला अपंगत्वाची भरपाई मिळवणे अधिक कठीण. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०२३ मध्ये सर्वांसाठी एकच मापदंड वापरण्याची शिफारस केली. आपल्यासाठीही यात एक धागा आहे. २०१२ च्या जागतिक मापदंडात चार वांशिक गट आणि 'इतर' अशी विभागणी होती. भारतीय उपखंडासाठी त्यात स्वतंत्र गट नव्हता.

सिझेरियननंतर नैसर्गिक प्रसूती यशस्वी होण्याची शक्यता वर्तवणारे गणकयंत्र कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक स्त्रियांची शक्यता कमी दाखवत असे. त्यातून वंशाचा घटक २०२१ मध्ये काढला गेला. अमेरिकी फुटबॉल लीगच्या सुमारे १०० कोटी डॉलरच्या भरपाई योजनेत तर कृष्णवर्णीय खेळाडूंची बौद्धिक क्षमता मुळातच कमी असल्याचे गृहीत धरले जात होते. त्यामुळे डोक्याला मार बसून त्यांची क्षमता घटल्याचे सिद्ध करणे अवघड होई. ही पद्धतही २०२१ मध्ये सोडून देण्याची घोषणा झाली.

म्हणजे वंशाचा विचारच नको?

इतके सोपे उत्तर नाही, हे ऑक्सिमीटरने दाखवून दिले. करोनाकाळात आपल्या घराघरांत पोहोचलेले हे उपकरण बोटातून प्रकाश सोडून रक्तातील ऑक्सिजन मोजते. गडद त्वचेत त्याची गफलत होऊ शकते. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांच्या अभ्यासात ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना प्रत्यक्षात ऑक्सिजन ८८ टक्क्यांखाली असल्याचे प्रमाण श्वेतवर्णीयांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के होते. मूत्रपिंडाच्या सूत्राने वर्णाला नको तिथे महत्त्व दिले. ऑक्सिमीटर तपासताना त्वचेच्या गडदपणाकडे हवे तेवढे लक्ष दिले गेले नाही. तोटा दोन्हीकडे एकाच समाजाचा झाला.

धोरणकर्त्यांसाठी खरा धडा यात आहे. सूत्र वंशविरहित करता आले. पण त्याने किती जणांचे नुकसान केले हे शोधायला आणि ते भरून द्यायला रुग्णाचा वंश नोंदवलेला असावाच लागला. ती नोंद नसती, तर बॉस्टनमधील ६४ रुग्ण कुणाला दिसले नसते आणि १४,३०० जणांना त्यांचा काळ परत मिळाला नसता.

सध्या चिंता कशाची?

२०२४ मध्ये अमेरिकी आरोग्य विभागाने रुग्णसेवेतील सूत्रे आणि संगणकीय साधने यांतून होणारा भेदभाव रोखण्याची जबाबदारी रुग्णालयांवर टाकणारा नियम केला. मे २०२५ पासून त्याचे पालन अपेक्षित होते. मात्र जानेवारी २०२५ मध्ये सत्तांतरानंतर पहिल्याच दिवशी विविधता, समता आणि समावेशन यांसंबंधीचे संघराज्य कार्यक्रम गुंडाळण्याचा आदेश निघाला. त्या वर्षी राष्ट्रीय आरोग्य संस्थेची या विषयाशी निगडित अनेक संशोधन अनुदानेही रद्द झाली.

रुग्णालयांत आता निदानापासून खाटांच्या वाटपापर्यंत कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने येत आहेत. जुन्या सूत्रातला १.१५९ हा गुणक निदान कागदावर छापलेला होता, कुणीही त्यावर बोट ठेवू शकत होते. तरीही सूत्रांतील वंशाचा गुणक हटायला २२ वर्षे लागली. नव्या साधनांत असा गुणक कुठे लिहिलेला नसतो. तो शोधायचा तर कोणत्या गटाला काय उत्तर मिळाले, हे सातत्याने मोजत राहणे एवढाच मार्ग आहे. त्या मोजणीसाठीच्या पैशांना सध्या कात्री लागली आहे.